ऑन-कॉलची मिशी

केस कापून झाल्यावर इंजिनिअर सलूनच्या खुर्चीत मान वर करून बसला होता, पण सगळं लक्ष मांडीवरच्या फोनकडे. या आठवड्यात तो ऑन-कॉल होता. कंपनीचा सर्व्हर कधीही आजारी पडो, फोन वाजला की यानं पंधरा मिनिटांत लॅपटॉपसमोर हजर व्हायचं. वाजला तर त्या कामाचा भत्ता; न वाजला तर आठवडाभर जीव टांगणीला लावून बसल्याचे पैसे शून्य. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळी लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो काढायचाय. मिशी नीट करून या. ती बघूनच मी हो म्हटलं होतं, विसरू नका."

"आता हलू नका हं साहेब," न्हाव्यानं वस्तरा मिशीच्या टोकाशी टेकवला.

नेमका तेव्हाच फोन केकाटला. इंजिनिअर दचकला, वस्तरा सरकला आणि डावी मिशी कापडावर येऊन पडली.

"अरे देवा! आता उजवीपण काढू?"

"हात लावू नका तिला! आलोच मी!" म्हणत इंजिनिअरनं गळ्यातल्या कापडासकट धूम ठोकली.

घराचं दार उघडताच बायको दोन पावलं मागे सरली. "अर्धी कुठे गेली?"

"भत्त्यात गेली!"

"धन्य तो भत्ता! आता फोटोत मी कोणाशेजारी उभी राहू?"

तिकडे लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना कॅमेरा चालू करायला लावला. इंजिनिअर एका हातानं ओठ झाकून दुसऱ्यानं टाइप करू लागला. "बघा," साहेब बाकीच्यांना म्हणाले, "विचार करून काम करणं याला म्हणतात!" सर्व्हर मात्र एकदा बंद करून चालू करताच ताळ्यावर आला.

"छान! अर्ध्या तासाच्या आत मिटलं," साहेब म्हणाले. "म्हणजे नियमाप्रमाणे भत्ता लागू होत नाही."

इंजिनिअर खालमानेनं सलूनमध्ये परतला. न्हावी रिकाम्या खुर्चीशी उभाच होता. "या. गिऱ्हाईकं परत पाठवली तुमच्यापायी. म्हटलं, अर्ध्या मिशीचा माणूस जाणार कुठे?" उजवी मिशीही उतरली. आरशात कुणी अनोळखी, जरासा गुबगुबीत गृहस्थ दिसू लागला. वर न्हाव्यानं दुप्पट पैसे मागितले.

"दुप्पट? मिशी तर तुम्हीच उडवलीत!"

"मिशीचे लावलेच नाहीत. कटिंगचे घेतले, आणि तुमची वाट बघितल्याचे."

"नुसतं बसून राहायचे पैसे?"

"मग! दुसरं काम घेता येईना, घरी जेवायला जाता येईना. बसून राहणं हे काय काम नाही?"

 वर्षभर हेच बोलायला इंजिनिअर साहेबांच्या केबिनपर्यंत जायचा आणि दारातूनच मागे फिरायचा. त्यानं पैसे दिले आणि तिथूनच साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. धीर यावा म्हणून सवयीनं हात मिशीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. आता घाबरायचं ते कशाला, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"कोण आपण?" साहेबांनी डोळे बारीक केले.

"तुमचा ऑन-कॉलवाला. भत्त्याबद्दल बोलायचंय. नुसतं बसून राहण्याचेही पैसे हवेत, आणि खर्चाचेही."

"अहो, पण आधी मिशीचं काय झालं ते सांगा!"

"तेच सांगतोय साहेब. हा पहिला खर्च. दुसरा घरी गेल्यावर कळेल."