दुसऱ्या अंकात थांबलेले नाना

अन्याय झालाय तो आमच्या नानांवर. गेल्या सोमवारी सकाळी, वाचनालयाचं दार उघडल्या उघडल्या. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावातल्या या वाचनालयात नाटकांच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी ते रिकामं केलं, पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधले आणि रद्दीवाल्यासाठी दाराशी लावून ठेवले. नाना तिथंच उभे होते. त्यांनी भांडायला हवं होतं. ते खणखणीत आवाजात एवढंच म्हणाले, "अध्यक्ष डावीकडून येतात. घाम पुसतात. विराम."

नाना असेच. नाटकात कंसात छापलेलं सगळं ते मोठ्यानं वाचतात, आणि हातात पुस्तक नसलं तरी वाचतात. कंडक्टर सुट्या पैशांवरून डाफरला की "संतापाने." लाईट गेली की "रंगमंचावर अंधार." गिरणीत दळण कशाचं विचारलं तर आधी विराम घेतात, तोवर मागचा माणूस पीठ घेऊन घरी पोचतो.

नाटक एकट्यानं वाचायचं नाही, हा त्यांचा कायदा. गाव भरलेलं असलं की पेपर चाळायला आलेल्याला धरून खुर्चीत बसवतात नि भूमिका देतात. जुनं पौराणिक असो की नवंकोरं, सोसायटीचे सचिव कायम राजे. मी पत्रकं वाटत फिरणारा कार्यकर्ता, मला दोनदा खलनायक केलं. एकदा दिलेली भूमिका मात्र दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

त्या सोमवारी अध्यक्षांनी, ही पुस्तकं कुणी वाचत नाही याचा पुरावा म्हणून, ती उघडून दाखवली. पहिला अंक बोटांनी मळलेला, दुसऱ्याच्या मध्यापासून पानं करकरीत. "नानालाच शेवटपर्यंत वाचवंना, मंग ठिवायची कावून?" असं म्हणून हसले. वर अट घातली : येत्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या बैठकीत एक नाटक शेवटपर्यंत वाचून दाखवा, कपाट राहील.

मला वाटलं, जिंकलो. नाना न्हाई म्हणाले.

मी भडकलो. वरचंच पुस्तक ओढलं, खूण होती तिथं उघडलं, म्हणालो, अर्धी पात्रं तुम्ही घ्या, अर्धी मी, तासाभराचं काम. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हितं राधाची एंट्री हाय," ते म्हणाले. "ती टोळीसंगं ऊस तोडाया गेली. लई अडखळत वाचती, पर वाचती. तिचं बोलनं दुसऱ्याच्या तोंडात कसं घालू बे?"

मग मी एकेक पुस्तक पुढं करून विचारत गेलो. कुठं लिंबाजी येणार होता, कुठं त्याची बायको. ज्या प्रवेशाला तो वाचणारा माणूस गावात नाही, तिथं नाटक थांबलेलं. काहींनी तर साखर कारखान्याकडंच कायमचं बिऱ्हाड केलंय, त्यांचीही पानं तशीच. नानांच्या घरात दुसरं कुणी नाही. टोळ्या गेल्यापासून ते रोज वाचनालयात येतात, रिकाम्या खुर्च्यांसमोर बसतात आणि एक ओळ वाचत नाहीत.

तिकडंच राहिलेले कशाला परत येतील, असं मी विचारलं.

"येतेल," म्हणाले, आणि खुर्च्या पुसायला लागले.

अध्यक्षांना हे सांगायची नानांची तयारी नाही. मी सांगितलं तर त्यांना राजकारण वाटतं. म्हणून हे पत्रक वाचणारे तुम्ही या. शनिवारी दुपारी बैठकीला या आणि अध्यक्षांच्या तोंडावर सांगा, ऊसतोडीची माणसं गावात परत येईपर्यंत एकही गठ्ठा हलणार नाही.