बसल्या जागेवरून

सर्व्हर अपग्रेड करायला सर्व्हरजवळ जावं लागतं म्हणणाऱ्यांची मला कीव येते! आमच्या ऑफिसातला सर्व्हर म्हणजे लिनक्सवर चालणारं जुनं खोड, माझ्या नोकरीच्याही आधीचं. तरी साहेबांना मी छातीठोकपणे सांगितलं, "शनिवारी घरून, बसल्या जागेवरून उरकतो!"

"जमलं तर यापुढे कायमचं घरून काम करा," साहेब म्हणाले. मला आणखी काय हवं होतं!

शनिवारी सकाळी सोफ्यावर मांडी ठोकून बसलो. सगळं सुरळीत झालं. शेवटी सर्व्हरला बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा हुकूम सोडला. पठ्ठ्या बंद झाला. सुरू होईना!

"अहो, ऑफिसचं दारही त्याच्यावरच चालतं ना?" बायकोने विचारलं.

चालतं. आत जायला कार्ड, बाहेर यायलाही कार्ड, आणि कार्ड तपासणार सर्व्हर. ही अक्कल माझीच.

"शनिवारी कोण मरायला जातंय तिथे!" मी म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. साहेब!

"तुमचा पराक्रम बघायला आलो, तर ऑफिसात अडकलो, बाहेर पडायला दार उघडेना! खाली गाडीत बायको बसलीय. आलोच म्हणून सांगून आलोय हो!"

"उत्तम! म्हणजे तुम्ही सर्व्हरपाशीच आहात!" मी डगमगलो नाही. "त्याच्या पडद्यावर काय दिसतंय?"

"कीबोर्ड सापडत नाही म्हणतोय."

मी समोरच्या कीबोर्डकडे पाहिलं. घरून चालवायच्या सर्व्हरला कीबोर्ड कशाला, म्हणून तो मी शुक्रवारीच घरी आणला होता. त्याच्यावरच तर टाइप करत होतो!

"साहेब, तुमच्या टेबलावरचा कीबोर्ड तिथे जोडा आणि एंटर दाबा."

"पण इथे तुमची पाटी आहे, कुणीही हात लावू नये!"

"लावा हो!"

खट्ट! सर्व्हर उठला, दार उघडलं. दाराबाहेर साहेबीणबाई गाडीतून येऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज फोनमधून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. साहेब आपले "अगं, ऐक तरी" एवढंच म्हणत होते. मी मात्र बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

सोमवारी घरून काम करायची परवानगी खरोखरच मंजूर झाली. माझी नव्हे, साहेबांची! त्या दाराच्या आत पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणतात. आणि दारावर लक्ष राहावं म्हणून माझी खुर्ची एसीने गारठलेल्या त्याच्या खोलीत, सर्व्हरला खेटून ठेवलीय. रोज सकाळी साहेब घरून फोन करतात, "काय, बसल्या जागेवर आहात ना?"