दाजींच्या कपाळावरचं तेज

या, असे जवळ सरका. खांबाला टेकलात तरी चालेल. झांजा वाजायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात पनवेलच्या अरुंधतीबाईंच्या दहा बोटांची गोष्ट सांगून टाकू. हसू आलं तर दाबू नका. देवळात हसायला बंदी नाही, आणि दाजींच्या कीर्तनात तर ती कधीच नव्हती.

दाजी म्हणजे ऐंशी ओलांडलेले कीर्तनकार. साठ वर्षं अनवाणी उभं राहून त्यांनी माणसं हसवली, रडवली आणि वेळेवर घरी पाठवली. आता डोळ्यांना नुसता उजेड आणि अंधार कळे. शनिवारी संध्याकाळी त्यांचं शेवटचं कीर्तन होतं. रविवारी ते नेऱ्याला लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. अरुंधतीबाई निवृत्त चित्रकला शिक्षिका. परकरात होत्या तेव्हापासून त्यांनी दाजींचं एकही कीर्तन चुकवलं नव्हतं. त्यांनी दाजींचे पाय धरून शब्द दिला होता, "शनिवारी मंडपात तुमचं चित्र लागेल."

चित्र पेस्टलचं होतं. पेस्टल म्हणजे मऊ रंगीत खडू. कागदावर ओढायचा आणि बोटाने चोळायचा. इथे बोट हाच ब्रश. आता ही खडूची भुकटी बोटातलं सगळं तेल पिऊन टाकते. त्यात बाईंना स्वच्छतेची भारी हौस. फेट्याचा लाल झाला, साबणाने हात धू. मिशीचा पांढरा झाला, परत धू. डिसेंबरचा कोरडा वारा होताच. बुधवारपर्यंत फेटा झाला, मिशी झाली, डोळे झाले. कपाळ तेवढं राहिलं आणि दहाही बोटं टाचेसारखी फुटली. कागदावर बोट टेकलं की ब्रह्मांड आठवायचं. फोनने तर अंगठा ओळखायचंच सोडून दिलं.

"अगं, तुझ्या फोनच्या मते तू आता कोणीतरी वेगळीच बाई आहेस," यजमान दयाराम म्हणाले.

"मग त्या वेगळ्या बाईला चहा करून द्या. माझ्याच्याने कप धरवत नाही."

दयाराम तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. अडचण दिसली की त्यांना उत्साह येई. त्यांनी भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे आणले. बाईंनी ते चढवून दाजींच्या नाकपुडीची सावली जरा चोळली, तर नाकाचा बटाटा झाला. तो परत नाक करण्यात गुरुवारची सकाळ गेली.

लेक रेवा नवी मुंबईत फिजिओथेरपी शिकत होती. तिने फोनवरून फैलावर घेतलं. "आई, आधी साबण बंद! भुकटी कोरड्या फडक्याने पूस, मग कोमट पाण्याने धू आणि हात ओले असतानाच क्रीम लाव. कामाआधी पण थोडं लाव, पण जिरू दे. आणि दुपारी हाताला तेल चोपडून सुती मोजे घालून पड."

"हाताला मोजे?"

"बाबांचे घाल."

बाई दयारामांचे करडे मोजे कोपरापर्यंत ओढून पडल्या, तोच बेल वाजली. दार उघडलं. पार्सलवाल्याने त्या दोन करड्या पंजांकडे पाहिलं, पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेताच जिना उतरला.

दुसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा दारात गोदूबाई होती. उरणची कोळीण, टोपलीसह.

"आज नको गोदूबाई, सप्ताह आहे."

"ठाव हाय मना. मी पानी प्यायला आलंय. ह्यो काय गो बाय, पाय वर आनि हात खाली करून चालतंस का?"

मोजे उतरले. गोदूबाईने ती बोटं उलटसुलट करून पाहिली, जणू बाजारात पापलेट पारखत होती. "अगो बाय बाय! आमी जनमभर बरफात हात घालतो, मिठात घालतो. बघ माजे हात." खरंच, ते हात लोण्यासारखे होते. तिने कमरेच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली, बोटाएवढी फिकट पिवळसर कांडी काढली. "मुठेल हाय. कोकमाच्या बियांचा तूप, मुठीत दाबून वळलेला. जरा ऊन कर नि भेगंत सोड. दोन दिस लाव. नाय उतार पडला तर गोदूला सप्तायात मासं चार."

"काहीतरीच काय बोलता!"

"म्हनजे उतार पडनारच," गोदूबाई म्हणाली आणि पाणी पिऊन गेली.

आणि उतार पडला! शुक्रवारी संध्याकाळी बोटं वाकू लागली, शनिवारी सकाळी फोनने अंगठा ओळखला. बाईंना भरून आलं. उरलेली कांडी त्यांनी चित्राच्या टेबलावर ठेवली आणि देवाला दिवा लावायला गेल्या.

इथे घात झाला. दयारामांना टेबलावरचा पसारा दिसला. स्टोअरकीपरचा हात, तो काय थांबतो? एकेक खडू उचलून त्यांनी खोक्यात रंगवार लावला. लालाशेजारी लाल, निळ्याशेजारी निळा. ती फिकट पिवळसर कांडी त्यांनी पांढरा आणि बदामी यांच्या मधोमध, अगदी नेमक्या जागी बसवली. मागे उभं राहून पाहिलं. तीस वर्षांत असा नेटका रॅक लागला नव्हता.

बाई आल्या. ओठांवर नामस्मरण, बोटं मऊ, मनात दाजींचं कपाळ. खोक्यातून नेमका हवा होता तो फिकट रंग उचलला आणि कपाळावर उजेड द्यायला लागल्या. रंग उमटेना. जरा दाबून ओढला. तरी उमटेना. बोटाने चोळला. हाताला मात्र इतकं छान वाटत होतं की बाई चोळतच राहिल्या. मग चष्मा लावला.

"अहोऽऽ!"

दाजींच्या कपाळावर पुरीएवढा तेलकट डाग पडला होता. त्यावर कुठलाही खडू ओढला तरी नुसता घसरत होता.

"हे इथे कोणी ठेवलं?"

"जागच्या जागी ठेवलं," दयाराम म्हणाले. मग वास घेऊन पाहिला आणि खोकं हळूच मागे सारलं. "घाबरू नकोस. तेल उष्णतेने निघतं. पुढून-मागून पेपर लावू, उलट्या बाजूने इस्त्री फिरवू."

"नक्की?"

"अगं, शर्टावर मेण पडलं होतं तेव्हा निघालं नव्हतं का?"

दुपारचे बारा वाजले होते. दुसरं काही सुचतही नव्हतं. इस्त्री फिरली. पेपर उचलला, तर टू बीएचकेच्या जाहिरातीवर दाजी अर्धवट उमटले होते आणि तेल निघण्याऐवजी वितळून पसरलं होतं. कपाळ ओलांडून, फेट्याच्या मागे, चांगलं परातीएवढं गोल! मिशीतला थोडा पांढरा पण जाहिरातीतल्या जलतरण तलावावर गेला होता.

बाई खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या. "उद्या जातील ते. परत कधी देणार मी?"

दयारामांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मिशी परत कर. बाकी तसंच देऊ. तू दिलंस हे त्यांना कळेल."

मिशी झाली. दोन वाजता दोघं अय्यूबच्या फ्रेमच्या दुकानात धावली. अय्यूबची लेक सायमा बाईंचीच विद्यार्थिनी.

"मॅडम, फिकीर नको. काच लावून देतो. मागची फळी मात्र आज नाही. प्लायचा टेम्पो पळस्प्याला अडकलाय."

"फळीशिवाय कसं?"

"अहो, भिंतीला टेकवलं की मागून कोण बघतंय? सोमवारी देवळात येऊन ठोकून देतो, इन्शाल्ला."

पण मंडपात भिंत कुठे मोकळी होती? खांबांवर स्पीकर, भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या. उरली पश्चिमेची खिडकी. चित्र तिच्या गजांना बांधलं. बाईंना उलट बरं वाटलं. "मागून उजेड आला की चित्र काळपट दिसेल. डाग कोणाला कळणार नाही," त्या पुटपुटल्या आणि चपलांजवळच्या शेवटच्या रांगेत, गोदूबाईशेजारी अंग चोरून बसल्या. डागाची सगळी हकिकत तिच्या कानात सांगून टाकली.

कीर्तन सुरू झालं. पूर्वरंग रंगला, मध्यंतराचं भजन झालं, दाजींनी आख्यान धरलं. आवाज थकला होता, पण नारदमुनींची चाल करून दाखवताना तोच जुना ठेका होता. आणि बरोबर तेव्हा सूर्य खिडकीवर आला.

आधी पुढच्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली. मग दुसरी. मग पेटीवाल्याने सूर सोडला. चित्रातला फेटा लालजर्द होता, मिशी शुभ्र होती, आणि कपाळ उजळलं होतं. नुसतं कपाळ नाही, तेल प्यालेल्या कागदातून ऊन आरपार येऊन फेट्यामागचं ते परातीएवढं गोलही सोन्यासारखं झळाळत होतं. लोकांनी हात जोडले. बाईंनी पदर तोंडात कोंबला.

सगळे गप्प का, म्हणून दाजी वळले. खिडकीच्या दिशेने तोंड करून दोन पावलं पुढे सरकले.

"हे काय आहे रे?"

"तुमचं चित्र, दाजी!"

"माझे फोटो खूप निघाले," दाजी म्हणाले, "या पाच वर्षांत एकही दिसला नाही मला. हा दिसतोय." मग हसले. "पण उजेड माझा नाही हं. तो मागचा आहे. आम्ही नुसता कागद!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. त्या टाळ्या विरताच मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"अगो बाय! ह्यो त माजा मुठेल हाय!"

दाजींनी चिपळ्या बाजूला ठेवल्या आणि पोटभर हसले. त्यांच्यामागे सगळा मंडप. दयाराम शेजाऱ्याला इस्त्रीचं तापमान समजावून सांगू लागले.

सोमवारी अय्यूब फळी, खिळे, हातोडी घेऊन आला. पुजाऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि फळीसकट परत पाठवला.

पण त्या शनिवारची खरी गंमत प्रसादानंतर झाली. सगळे पांगल्यावर दाजींनी अरुंधतीबाईंना खुणेने जवळ बोलावलं. आता आशीर्वाद मिळणार म्हणून बाईंनी डोकं खाली केलं. दाजी कानात म्हणाले, "ती कांडी उरलीय का गं जरा? साठ वर्षं अनवाणी उभा आहे, टाचा फार फुटल्यात."

उरलेली कांडी नेऱ्याला गेली. गोदूबाईने दर महिन्याला नवी पोचवायचं कबूल केलं, कीर्तनकाराच्या पायाला लागतंय म्हणून फुकट.

झालं. झांजा वाजल्या बघा. तुमची बोटं खडूने, मातीने, साबणाने कधी फुटली आणि त्यांना तेल लावायला बसलात, तर भेगेवरून बोट फिरवताना एकदा उरणच्या गोदूबाईची आठवण काढा.