तुळई वाकली परंतु दुभंगली नाही, ते मोहिमेची हकीकत

हकीकत ऐसी जे, "पेंढा विस्कटून टाक गं बाळे, गोळा टाकू नको!" हा भिंतीस भेग न पडावी म्हणोन चिखलात पेंढा तुडविणाऱ्या गवंडीबाबांचा आवाज तीस वर्षांमागे लेकीचे कानी पडला, तो तेथेच वस्तीस राहिला. पुढे लेक परीक्षणशाळेत संशोधकबाई जाहली आणि सिमेंटाचे मुलुखात टाचणीएवढ्या पोलादी तारांची फौज उतरवावी, जेणेकरून तुळई वाकविता काचेसारखी फुटणार नाही, ऐसा मनसुबा बाईंनी बांधिला. तारा चाळणीतून विस्कटून सोडाव्या, हा हुकूम मिक्सरवाल्या काकांस सादर जाहला. परंतु पहिलेच स्वारीत तारांचे गोळे जाहले आणि तुळई ताडकन दुभंगली. मग खातेप्रमुख हुजुरांनी फर्मान काढिले की टाचण्यांचा खेळ बहुत जाहला, आणिक एक तुळई मोडलिया काम बंद, यंत्रास कुलूप. तेव्हापासून चहाचे दरबारी बाईंस 'टाचणीबाई' हा किताब चालू जाहला. काका तेवढे कपात पाहत चहा ढवळीत. बाईंस मात्र एकच सल, की बाबाच चुकले की काय?

तरी हिंमत धरून बाई खासा मिक्सरवर उभ्या राहिल्या आणि चिमूट चिमूट तारा भुरभुरविल्या. काकांनी चाळणी धरिली. अठ्ठावीस दिवस तुळईचा मुक्काम पाण्याचे हौदात पडला, मग स्वारी यंत्रावर आरूढ जाहली. भार माथी उतरला, काटा चढला, आणि तुळईचे पोटी केसाएवढी भेग उमटली.

"गेली!" म्हणोन हुजुरांनी खिशातील कुलूप बाहेर काढिले. परंतु भेगेचे दोहों काठांस तारा दात रोवून उभ्या! भार वाढे, तुळई वाके, कण्हे, पण तुटेना. बाईंचे डोळे भरून आले. हुजुरांनी चष्मा पुसोन आकडा दोनदा वाचिला, कुलूप हळूच खिशात सोडिले आणि ही कल्पना मूळची आपलीच, ऐसे तमाम मंडळींस जाहीर केले.

येणेप्रमाणे साध्या तुळईहून वाक सोसण्याचे बळ दीडपट भरले, तारांची फत्ते जाहली, ऐसे बाईंनी वहीत कलमी केले. वही मिटणार, तो काका हात पुसत पुढे आले.

"बाई, आणखी एक लिहा. मागच्या वेळी मी चाळणी लावलीच नव्हती. जेवायची सुट्टी झाली होती, अन् मी अख्खी पिशवी एकदम उपडी केली."