इटालियाचे द्राक्षमद्याची परीक्षा सदरेवर जाहली ती हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, जे घडले ते लिहितो, पदरचे काही घालीत नाही. शके सत्राशे नऊ, प्लवंगनाम संवत्सरी, पौषमासी या राज्यात इटालिया मुलुखीचा सौदागर बालदासार जहाजावरून उतरला आणि आपले देशीचे उंची द्राक्षमद्य काचेचे शिशांत भरून महाराजांचे परीक्षेस घेऊन आला. राजे त्र्यंबकजीमहाराज यांचे नाक दूरवर नावाजलेले होते. पेला नाकाशी धरिला की द्राक्षवेल खडकाळ जमिनीत वाढली की गाळाचे, हे सांगत. राणी सगुणाबाईसाहेब मद्यास शिवत नसत, परंतु रोज सायंकाळी महाराज पेला घेऊन जवळ बसत आणि म्हणत, "यात पिकल्या जांभळाचा वास आहे, यात तापल्या दगडाचा," आणि बाईसाहेब कौतुके ऐकत. ऐसा उभयतांचा संसार सुखाचा चालिला होता.

परंतु सौदागर येण्याआधीचे भाद्रपदी वाड्यात ताप शिरला, आणि एकुलते एक चिरंजीव उदाजीराजे त्यात निवर्तले, आणि महाराज वाचले, परंतु तापाने महाराजांचे नाक नेले. फूल नाही, धूप नाही, अन्न नाही, कशाचा वास येईना. ही गोष्ट महाराज कोणापाशी बोलिले नाहीत. चुलतबंधू दादजीराव यांचा डोळा गादीवर होता, त्यांनी बोलणे उठविले की पुत्रशोके महाराजांची बुद्धी गेली. बाईसाहेबांनी विनविले, "सौदागरास वस्त्रे द्यावी आणि वाटेस लावावे, सदर भरवू नये." महाराज बोलिले, "न बसलो तर दादजी म्हणतो ते खरे होईल."

मग तिसरे प्रहरी सदर भरली, आणि बाईसाहेब चिकाचे पडद्याआड बसल्या, आणि शिशांची बुचे निघू लागली. महाराज मद्याचा रंग पाहत आणि पूर्वीचे शब्द आठवून बोलत, आणि ते जमले. सरतेशेवटी सौदागराने आपले वडिलांचे मळ्यातील तांबडे मद्य काढिले आणि सर्वांचे पेले भरिले, पडद्याआडही एक पाठविला. त्या शिशाचे बूच आतून कुजले होते, हे त्यास ठाऊक नव्हते. मद्यास ओल्या घोंगडीसारखी कुबट घाण येत होती. सौदागराने पेला नाकाशी नेला आणि त्याचे तोंड उतरले, तो काही बोलणार, तो महाराज मोठ्याने बोलिले, "वाहवा! पिकल्या जांभळाचा वास!"

दादजीराव हसून बोलिले, "महाराजांनी एकवार पुन्हा वास घ्यावा." महाराजांनी घेतला आणि म्हणाले, "जांभूळच." मग सर्वांची तोंडे पाहिली आणि उमगले की आपण चुकलो.

तो पडद्याआडून बाईसाहेबांचा शब्द आला, "दादजीराव, पाहुण्याने समुद्र ओलांडून बापाचे मळ्याचे मद्य आणिले. वाटेत ते नासले, तो त्याचा दोष नव्हे. महाराज त्याची लाज राखितात, एवढे आपणास कळू नये?" ऐसे बोलून बाईसाहेबांनी जन्मात न शिवलेला तो पेला ओठी लाविला आणि रिता केला. मग दादजीरावांसही आपला पेला प्यावा लागला. दुभाष्याने सौदागरास हे सांगितले तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने पुढे होऊन महाराजांचे पायी टोपी ठेविली. अवघी सदर धन्य धन्य म्हणाली.

सदर उठली, आणि उभयता आत गेली. महाराज बोलिले, "केव्हा कळले?"

"आश्विनात. देवघरात निखारा पडून गालिचा जळत होता, आणि आपण शेजारी जप करीत होता."

"मग बोलला का नाही?"

"आपण बोलत नव्हता म्हणोन."

मग महाराजांनी पेटी उघडून उदाजीराजांचा अंगरखा काढिला आणि म्हणाले, "हा आम्ही रोज तोंडाशी धरितो. काही कळत नाही. यास अद्याप त्याचा वास येतो काय? खरे सांगा."

बाईसाहेबांनी अंगरखा घेतला, नाकाशी धरिला, आणि बोलिल्या, "येतो. खेळून घामेजून यायचा, तेव्हा यायचा तसाच." तेव्हा महाराजांनी त्यांचे मांडीवर मस्तक ठेविले आणि भाद्रपदापासून प्रथम रडले. दासी भिवाऊ दाराशी उभी होती, तिने मागाहून अंगरख्याची घडी घातली. ती आम्हास सांगे की त्यास कापराखेरीज कशाचाही वास येत नव्हता.

पुढे सौदागर आपले मुलुखी गेला, दादजीराव निमूट जाहले, आणि महाराजांनी बहुत वर्षे राज्य केले, परंतु मद्याचा पेला पुन्हा हाती धरिला नाही. सायंकाळ जाहली की पेटी उघडावी, महाराजांनी पुसावे आणि बाईसाहेबांनी "येतो" म्हणावे, हा क्रम बाईसाहेब होत्या तोवर चालिला. त्या गेल्यावर महाराजांनी कोणासही पुसले नाही. वर्तमान इतकेच.