लाल गाडीतलं घंगाळ

तुम्हीच सांगा मंडळी, माणसानं भरवसा ठेवायचा तो कुणावर? बायकोवर, मेव्हण्यावर, की गाड्या विकणाऱ्या पोरावर? काष्टीच्या सूर्यभान पेंडवाल्यानं तो तिसऱ्यावर ठेवला, आणि त्यात त्याची फार चूक होती असंही नाही. सरकी पेंड आणि भुसा विकत उभा जन्म गल्ल्यावर काढलेला माणूस. शाळा सातवीत सुटली, पण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी ते घ्यायला आलंय की नुसता भाव विचारायला, हे त्याला चपलांच्या आवाजावरून कळायचं. त्याचा एक ठोकताळा होता. जो विकणारा आपल्या मालाचा एक तरी दोष आपल्या तोंडानं सांगतो, तो माणूस खरा.

तो पुण्याला गेला होता जुना टेम्पो बघायला, पेंडीची पोती वाहायला. टेम्पोच्या पलीकडं एक लाल, चपटी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार उभी होती. सूर्यभान तिच्याकडं नुसता बघत होता, तेवढ्यात विकणाऱ्या पोरानं त्याला 'सर' म्हटलं. (आजवर शेठ, आण्णा आणि एकदा एसटीत 'ओ पोतंवाले' एवढंच ऐकलेला माणूस. त्याचं काय झालं असेल, तुम्हीच ठरवा.) पोरानं कॉफी पाजली आणि आवाज खाली आणून सांगितलं, सर, खोटं बोलणार नाही, गाडी थोडी लो आहे. झालं. दोष सांगितला, म्हणजे माणूस खरा. टेम्पो आणायला गेलेला सूर्यभान संध्याकाळी लाल गाडी घेऊन काष्टीत शिरला. तिच्या डिकीत पेंडीचं एक पोतंसुद्धा मावत नव्हतं.

'थोडी लो' म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आत बसलं की रस्ता वासराला दिसतो तसा दिसायचा. समोरून म्हैस आली तर आधी कास दिसायची, शिंगं फार नंतर. उतरायचं म्हणजे पहिल्यांदा एक पाय बाहेर, मग कुणाचा तरी हात, मग देवाचं नाव. बाजारच्या दिवशी जनावरांचे व्यापारी गाडीभोवती जमले आणि त्यांनी तिला पारखलं ते त्यांच्या पद्धतीनं. बसकी हाय पण मागचा पुठ्ठा भरलेला हाय, असं एकाचं मत पडलं. दुसऱ्यानं पुढचं झाकण उघडून बघितलं, तर आत मोकळं. इंजिन मागं होतं. त्यानं झाकण हळूच लावलं आणि शेठच्या खांद्यावर हात ठेवून, तोंडातलं दात बघून घ्यायचं हुतं, एवढंच म्हणाला.

पण सुखंही होती बरं का. सकाळी चावी फिरवली की पाठीमागून जी गुरगुर उठायची, तिनं सूर्यभानची कंबरदुखी दोन घटका थांबायची. आणि त्याच्याशी बोलायचं तर प्रत्येकाला वाकावं लागायचं. सोसायटीचा चेअरमन, जो देवळातसुद्धा ताठ उभा राहायचा, तो पेंडीच्या भावाची चौकशी करायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवून खिडकीशी वाकला. सूर्यभाननं त्याला मुद्दाम बराच वेळ वाकवून ठेवलं.

वाकली नाही ती एकटी मालन, त्याची बायको. टेम्पोचं काय झालं, एवढं तिनं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच आत गेली. तरी पहिल्या फेरीला ती बसली होती. वेशीजवळच्या ब्रेकरवर गाडीचं पोट खर्र करून घासलं. सूर्यभानचा जीव कळवळला आणि कळवळ्याच्या भरात तो बोलून गेला, "मालन, तू जरा उतर. तेवढीच बोटभर उचलंल."

पारावर माणसं बसलेली होती. मालन उतरली, ब्रेकरच्या पलीकडं चालत गेली आणि थेट घरी गेली. त्या दिवसापासून अबोला.

आता खरी गोष्ट. मालनचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर श्रीगोंद्याच्या अलीकडं वस्तीवर राहतो. आई लवकर गेली, त्यामुळं मालननंच त्याला कडेवर वाढवलेला. त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, मढीच्या कानिफनाथांना नवस झाला, आणि आता कुठं मुलगा झाला. बारशाला नाव ठेवायचं आत्यानं, म्हणजे मालननं. तिनं नाव ठरवलंही होतं, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच, कारण नवऱ्याला सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पेंडीच्या पोत्याबरोबर पंचक्रोशीत पोचायची. आत्या पोचल्याशिवाय पाळण्याला हात लावायचा नाही, आणि अकराची वेळ चुकवायची नाही, असं भटजींनी बजावलेलं.

मालनला एसटीनं जायचं होतं. सूर्यभानला मेव्हण्याच्या दारात लाल गाडी उभी करायची होती. त्यानं विचारलं, गाडीनंच जायचं ना? मालन काही बोलली नाही. (अबोल्याची ही एक अडचण असते. त्यात नाही म्हणता येत नाही.)

ती बसली. मांडीवर बाळाच्या अंघोळीचं पितळी घंगाळ. त्यात दुपटी, टोपडी आणि तिची पर्स. सगळ्याभोवती गोधडी गुंडाळलेली. वाटेत ब्रेकर आला की ती घंगाळासकट खाली उतरायची, गाडी तिरकी-तिरकी पलीकडं जायची, मग ती चालत येऊन बसायची. तोंडातून शब्द नाही. सूर्यभानही तिच्याकडं बघत नव्हता. संसारात त्यानं एक शिकून ठेवलं होतं. अबोल्यात नजरेला नजर दिली की भांडण नव्यानं सुरू होतं, तेव्हा बघायचं ते सरळ समोर.

एका ब्रेकरपाशी मालन अशीच चालत आली. दार उघडून तिनं घंगाळ सीटवर ठेवलं. तेवढ्यात चपलेत खडा टोचला म्हणून, धूळ आत जाऊ नये या विचारानं तिनं दार लावलं आणि चप्पल झटकायला वाकली. आत सूर्यभाननं दाराचा धप्प आवाज ऐकला. दार लागलं, म्हणजे बायको बसली. गाडी गुरगुरली आणि निघाली.

मालन ओरडली. पण ती गाडी चालू असताना शेजारी वीज पडली तरी ऐकू येणार नाही.

थोडं पुढं गेल्यावर गाडी टिंग-टिंग वाजायला लागली. सीटवर वजन आहे आणि बेल्ट नाही, हे तिला कळत होतं. (सूर्यभानला कळत होतं ते निम्मंच.) बेल्ट लाव म्हणून त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विनवलं. शेवटी उसाच्या ट्रॉलीमागं गाडी मुंगीच्या चालीनं चालली असताना, नजर समोरच्या उसावर ठेवून त्यानं डावा हात लांबवला, बेल्ट ओढला आणि स्वतःच लावून टाकला. हात गोधडीला लागला. गोधडीआड काहीतरी गार आणि टणक लागलं. त्याला वाटलं, बाईनं रागानं खांदा किती आखडलाय.

मग पर्समधला फोन वाजला. तिकडं मालन एका ट्रॅक्टरवाल्याचा फोन मागून स्वतःच्याच नंबरावर लावत होती, कारण पाठ होता तो तेवढाच. इकडं सूर्यभान म्हणाला, उचल की, ज्ञानेश्वरचा असंल. फोन वाजून-वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. सख्ख्या भावाचाही फोन घेत नाही म्हणजे राग अगदी मुळापर्यंत गेलाय, असं धरून सूर्यभाननं मनधरणीला सुरुवात केली. पारावरच्या माणसांसमोर तसं बोलायला नको होतं, म्हणाला. तू जड नाहीस, गाडीच हलक्या कुळातली निघाली, म्हणाला. त्याला अशी गोड भाषा लग्नानंतर पहिल्यांदाच सुचत होती आणि शेजारून एकही टोमणा येत नव्हता. बाई विरघळतेय, असं त्याला वाटलं. (पितळ एवढ्या लवकर विरघळत नाही, पण त्याला कोण सांगणार.)

त्याच भरात पुढचा ब्रेकर त्याला दिसला नाही. तो गावकऱ्यांनी स्वतःच्या हातानं घातलेला, चांगला बांधाएवढा. गाडी त्यावर चढली आणि पोटावर बसली. चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. शेजारच्या हॉटेलातली चार माणसं उठून आली. त्यांनी सांगितलं, शेठ, आतलं वजन उतरवा, म्हंजी उचलतो.

सूर्यभान खिडकीतून तोंड काढून दबक्या आवाजात म्हणाला, "मंडळी रागावल्यात. उतरा म्हनलं तर पुन्हा आयुष्यभर बोलनार न्हाईत. तसंच उचला."

एकानं वाकून पलीकडं बघितलं. बेल्ट लावून, गोधडी पांघरून घंगाळ बसलं होतं. त्यानं ते बाकीच्यांना दाखवलं. चांगल्या घरचा माणूस दिसतोय, त्याच्यावर काय वेळ आली असेल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सगळ्यांत म्हाताऱ्यानं तर घंगाळाला नमस्कार केला आणि, वहिनी, घट्ट धरा, असंही सांगितलं.

गाडी बैठकीवरून उठत होती, तेवढ्यात बाजूनं ट्रॅक्टर गेला. सूर्यभानला आतून दिसलं ते फक्त मोठं चाक. पण चाकाच्या वरच्या मडगार्डवर मालन बसली होती आणि तिला वरून सगळं दिसत होतं. ट्रॅक्टर सहादेव नावाच्या भल्या माणसाचा. तो कारखान्यावर ऊस घेऊन चालला होता. त्यानं विचारलं, आक्का, ही तुमचीच गाडी ना, थांबवू का?

मालननं पदर सावरला. "चला तुमी," ती म्हणाली. "वेळ चुकंल."

पुढचा प्रत्येक ब्रेकर मंडळींना न उतरवता, रांगत-रांगत ओलांडून सूर्यभान वस्तीवर पोचला, तेव्हा अकराला थोडाच अवकाश होता. दारात मांडव, घुगऱ्यांचा वास, पोरांचा गलका. गाडीची गुरगुर ऐकून सगळी बाहेर आली, आणि त्याला पाहिजे होतं तसंच सगळं झालं. फक्त मेव्हण्याचं तोंड जरा विचित्र दिसत होतं, हसू गिळताना दिसतं तसं.

"या दाजी," ज्ञानेश्वर म्हणाला. "आक्काला उतरवा की."

सूर्यभान एक पाय, ज्ञानेश्वरचा हात आणि देवाचं नाव, अशा क्रमानं बाहेर आला. गाडीला वळसा घालून त्यानं ऐटीत दार उघडलं आणि सगळ्यांसमोर हात पुढं केला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं सीटकडं बघितलं.

गोधडी घसरली होती. घंगाळात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं.

कुणी हसलं असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर इथून काष्टीपर्यंतचे सगळे ब्रेकर उभे राहिले आणि प्रत्येकावर उभी असलेली मालन. ज्या पोराला तिनं कडेवर वाढवलं, त्याच्या पोराचा पाळणा, आणि आत्या रस्त्यावर. मेव्हणा काहीतरी सांगायला पुढं झाला, पण सूर्यभाननं त्याला बोलू दिलं नाही. त्यानं गाडीची चावी त्याच्या हातात कोंबली.

"पाळना हलवू नगा," तो म्हणाला. "भटजींचे पाय धरा, काय बी करा. मी तिला घिऊन येतो."

आणि तो पळत सुटला. गाडीकडं त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण घाई असेल तेव्हा त्या गाडीनं जायचं नसतं, एवढं त्याला आतापर्यंत कळलेलं होतं. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट पुढं, धोतर नाही म्हणून बरं. उसाच्या कडेनं धूळ उडवत शेठ निघाला. बांधावरच्या शेळ्यांनी त्याला वाट करून दिली.

"अवो, माघारी या," मागून आवाज आला. "मी हितं हाय."

तो थांबला. दारात मालन उभी होती, कडेवर बाळ. हात-पाय धुऊन, चहा पिऊन, येणाऱ्या प्रत्येकीला सगळी हकीकत सांगून झालेली. सूर्यभान तिच्यासमोर येऊन उभा राहिला. धाप इतकी लागली होती, की बोलायचं सगळं आतच राहिलं. वाटेत घंगाळाला ऐकवलेली ती सगळी गोड भाषा आता, ऐन वेळेला, एक अक्षर आठवेना.

मालननं गाडीत वाकून बघितलं. (पहिल्यांदाच वाकली.)

"घंगाळाला पट्टा लावलात," ती म्हणाली. "मला कदी लावला का?"

"तूच हायेस असं वाटलं मला," सूर्यभान म्हणाला. "खांदा जरा टनक लागला, पर तू रागात अशीच असतीस."

मांडवात जे हसू फुटलं, त्यानं बाळ दचकून रडायला लागलं. मालनलाही हसू आवरेना. तिनं पदराच्या टोकानं नवऱ्याच्या कपाळावरची धूळ पुसली आणि त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग पाळण्यापाशी जाऊन बाळाच्या कानात कुर्र केलं आणि इतके दिवस जपून ठेवलेलं नाव सांगितलं. कानिफनाथ. सूर्यभाननं ते तिच्याच तोंडून ऐकलं, सगळ्यांबरोबर, आणि त्याला वाईट वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर निघायची वेळ आली. सूर्यभाननं गाडीचं दार उघडून धरलं, बेल्ट मोकळा करून हातात घेतला आणि या म्हणाला. तेवढ्यात कारखान्यावर ऊस टाकून, मोकळ्या ट्रॉल्या खडखडवत सहादेवचा ट्रॅक्टर रस्त्यानं परत आला. मालननं हात केला. नवऱ्यावरचा राग गेलाय, असं तिनं स्वच्छ सांगितलं. पण वरून गावं, शेतं, माणसं कशी सगळी दिसतात, तेही सांगितलं, आणि मडगार्डवर चढून बसली. काष्टीपर्यंत ट्रॅक्टर पुढं आणि लाल गाडी मागं. ब्रेकर आला की मालन वरून हात दाखवून सावध करायची, आणि सूर्यभान मुकाट्यानं गाडी तिरकी घ्यायचा.

ही गोष्ट आता तुम्ही पुढं सांगालच. श्रीगोंद्यात तर ती तीन तऱ्हांनी सांगतात, आणि तिन्हींत बायकोला विसरलेला नवरा म्हणून सूर्यभानचंच नाव निघतं. तुमच्याकडं विनंती एकच आहे, हिशेब इमानानं मांडा. त्यानं तिला वाटेत सोडलं ते एकदा, तेही नकळत. तिनं त्याला सोडलं ते दोनदा, आणि दोन्ही वेळेला चांगलं बघून, पदर सावरून.