ढोलीचा कर-क्रमांक

एका जंगलात, बाळांनो, मरणं फार सोपं होतं. मेल्यानंतरचं अवघड होतं.

तिथे गेनबा नावाचं अस्वल राहायचं. जन्मभर डंख खाऊन त्याने उंबराच्या ढोलीतलं मधाचं पोळं राखलं आणि एका सकाळी उताणं पडून मेलं. मागे बायको ठकूबाई आणि दोन पिल्लं.

ठकूबाई ढोलीत हात घालायला गेली, तर वर सिंहमहाराजांचं सील! पाऊस तोंडावर आलेला. पिल्लांच्या फासळ्या दिसायला लागलेल्या. ती तडक कर-कचेरीत गेली. तिथले साहेब म्हणजे कावळेराव. हसू नका रे! मेलेल्यांचा अनुभव त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला आहे?

"साहेब, पोरं उपाशी आहेत. सील काढा."

"बाई, गेनबा गेल्यावरही माश्या मध घालतायत ना? ते उत्पन्न कुणाचं?"

"त्यांचंच की."

"ते वारले. वारलेल्याला उत्पन्न नसतं."

"मग माझं."

"वाटणी कुठे झालीय? ते उत्पन्न ढोलीचं. ढोलीच्या नावाने कर-क्रमांक काढा, मग सील निघेल. फोटो आणा. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"अहो, ढोलीला कान कुठले?"

"मग कान नसल्याचा दाखला आणा."

तिने घुबड डॉक्टरांचे पाय धरून तोही आणला. साहेबांनी तो उलटा धरून वाचला.

"आता एकच राहिलं. गेनबांची काही इच्छा तर मागे उरली नाही ना? नदीवर पिंड ठेवा. कावळा शिवला की क्रमांक."

"शिवणार कोण?"

"आम्हीच. या हद्दीत दुसरा कावळा नेमलेला नाही."

ठकूबाईने उसने तांदूळ आणून पिंड केला. हात जोडून म्हणाली, "धनी, पोरांना नीट वाढवीन."

साहेब फांदीवर पिसं साफ करत बसले.

"धाकट्या भावजींशी भांडणार नाही."

साहेबांनी मान फिरवली. ऊन चढलं. पिल्लं पिंडाकडे बघून लाळ गाळायला लागली. शेवटी ठकूबाई दात खाऊन म्हणाली, "धनी, अर्धा मध कावळेरावांच्या घरी पोचवीन!"

पिंडाचं शीतसुद्धा उरलं नाही.

"गेनबा तृप्त झाले," साहेब चोच पुसत म्हणाले.

"तृप्त कोण झालं ते दिसतंय, मेल्या," ठकूबाई पुटपुटली.

क्रमांक मिळाला. चांगला लोखंडी पाटीवर! नियम असा, की पाटी ढोलीवरच ठोकायची. सुतारपक्षी शिपाई होता. सरकारी खिळा त्याने जीव लावून ठोकला, थेट पोळ्यात. पोळं फुटलं. मध खोडावरून घळाघळा मातीत चालला. मुंग्यांची रांग लागली. त्यांना कुणी क्रमांक विचारला नाही.

ठकूबाईने पिल्लांच्या मानगुटी धरून त्यांना खोड चाटायला लावलं.

"अहो बाई, थांबा!" कावळेराव किंचाळले. "सील अजून काढलेलं नाही!"

ठकूबाईने साहेबांकडे एकदा पाहिलं आणि पाटीसुद्धा चाटून घेतली.

तात्पर्य: बाळांनो, मागच्यांसाठी साठवून ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा. सगळं खाऊन मरावं. ठेवायचंच असेल तर मागे भूक ठेवावी. तिला क्रमांक लागत नाही, आणि अर्धा वाटा मागायला कावळाही येत नाही.